संगणकाचा कारभारी

ज्यांच्या घरीं वीस-बावीस वर्षांचा मुलगा अथवा मुलगी आहे, अशा वाचकांस अलीकडे एक प्रश्न वारंवार पडतो असें आमच्या ध्यानांत आलें आहे. मुलगा म्हणतो, "मी संगणकांत जाणार." आईबाप समाधानानें मान डोलावतात. पुढें चौकशी केली असतां समजतें कीं, त्यास प्रोग्रॅम रचण्याची हौस नाहीं कीं चित्रपटांतले देखावे बनविण्याची नाहीं. त्यास 'सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर' व्हावयाचें आहे. येथें आईबापांचें घोडें अडतें. हा पेशा कसला, त्याची विद्या कोणती, ती कोठें मिळते आणि तिच्यावर पोट भरतें काय, हें त्यांस सांगणारें कोणी भेटत नाहीं. आम्हीं जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें. आमची स्वतःची मजल जुन्या अकरावीपर्यंत, म्हणजे लोक जीस मॅट्रिक म्हणत त्या परीक्षेपर्यंत. तथापि गेल्या तीन वर्षांत ह्या विद्येच्या अंगणांत आम्हांस बरेंच हिंडावें लागलें. तेथें जें पाहिलें तें सांगतों.

हिंडण्यास कारण असें घडलें. आमच्या कनिष्ठ बंधूंचा एकुलता मुलगा २०२१ सालच्या साथींत वारला. मागें त्याची पत्नी आणि कॉलेजांत शिकणारा मुलगा. मुलगा पुढें बी.एस्‌सी. झाला, परंतु गुण बेताचे. नातलगांची बैठक बसली आणि अशा बैठकींत होतें तेंच झालें. कोणी बँकेच्या परीक्षा सुचविल्या, तर कोणी स्पर्धापरीक्षांसाठीं तीन वर्षें पुण्यास खोली घेऊन राहावें असा सल्ला दिला (खर्च कोणी करावा हें मात्र कोणींच सांगितलें नाहीं). मुलानें खालमानेनें आपला मनोदय बोलून दाखविला आणि शहरांतील एका खासगी वर्गाचें माहितीपत्रक पुढें केलें. अभ्यासक्रम नऊ महिन्यांचा, फी दोन लक्ष चाळीस हजार रुपये आणि वर ठळक अक्षरांत 'शंभर टक्के नोकरीची हमी'. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सूनबाईंनीं माहेरच्या पाटल्या रुमालांत बांधून आमच्यापुढें आणून ठेविल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, ह्या मोडूं का, एवढेंच सांगा."

आम्हीं त्या वर्गाचा करारनामा मागवून घेतला व तीन वेळां वाचला. षष्ठी विभक्ति कोणत्या पदाशीं लागते हें पाहण्यांत आमचें आयुष्य गेलें आहे. आंतल्या बारीक अक्षरांत हमी होती ती 'मुलाखतीच्या संधीची'; नोकरीची नव्हे. पहिल्या पंधरवड्यानंतर फी परत मिळण्याची सोय नव्हती. सूनबाईंस आम्हीं म्हटलें, "पाटल्या कपाटांत ठेवा. सहा महिने थांबूं." एका कचेरींतून मोडींत निघालेला संगणक चवदा हजारांत मिळाला, तो आणून आम्ही पूर्वीं शिकवण्या घेत असूं त्या ओसरीवर मांडला. चिरंजीवांस बजाविलें कीं, जें शिकशील तें रोज संध्याकाळीं आम्हांस समजावून सांगावें. न समजणारा श्रोता समोर असला म्हणजे शिकणाऱ्यास अर्धवट समजून भागत नाहीं.

आतां त्या कामाचें स्वरूप. बँक, इस्पितळ, कारखाना, विद्यापीठ ह्या सर्वांचें दप्तर आज ज्या यंत्रांवर असतें त्यांस सर्व्हर म्हणतात. ते अहोरात्र चालूं ठेवणें, कोणास कोठवर प्रवेश असावा हें राखणें, सुधारलेल्या आवृत्त्या वेळेवर बसविणें, माहितीच्या प्रती सांभाळणें आणि बिघाड झाल्यास त्याचें मूळ शोधून काढणें, हें ह्या माणसाचें काम. आम्ही त्यास कारभारी म्हणतों. जुन्या वाड्यांत धनी निराळा असे. पण कोणत्या कोठींत काय आहे, किल्ली कोणाकडे आहे आणि छप्पर कोठें गळतें हें कारभाऱ्यासच ठाऊक असे. नळास पाणी येतें तोंवर पाणी सोडणाराचें नांव गांवांत कोणी विचारीत नाहीं, तशीच ह्याची गत. जुलै महिन्याचा शेवटचा शुक्रवार २००० सालापासून ह्या लोकांच्या कृतज्ञतेचा दिवस म्हणून पाळतात. तो सुरू केला टेड केकाटोस नांवाच्या अमेरिकेंतील एका कारभाऱ्यानेंच. स्वतःच्या कृतज्ञतेचा दिवस स्वतःच सुरू करावा लागतो, ह्यावरून काय तें समजावें.

पहिली विद्या कार्यप्रणालीची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची. विंडोज आपल्या घरोघरीं आहे, कचेऱ्यांतही पुष्कळ आहे, आणि कचेरींतील शेंकडों खात्यांची व्यवस्था तिच्यावर कशी ठेवितात हें उमेदवारास यावेंच लागतें. परंतु सर्व्हरांच्या जगांत मोठा प्रांत लिनक्सचा आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनीं १९६९ सालीं युनिक्सचा पाया घातला. त्याच धर्तीवर हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्स रचून जगास मोकळी करून दिली. जगांतील पांचशें बलाढ्य महासंगणकांची जी यादी निघते, तिच्या नोव्हेंबर २०१७ च्या आवृत्तींत पांचशेंच्या पांचशें यंत्रें लिनक्सवर चालणारीं होतीं. महासंगणकावर जी प्रणाली चालते तिचीच सख्खी बहीण आमच्या ओसरीवरील मोडींतल्या यंत्रावर एक कवडी न देतां बसली, हें पाहून आम्हांस खरोखर नवल वाटलें. पूर्वीं वेद शिकावयाचा तर गुरूच्या घरीं पाणी भरावें लागे. ही विद्या स्वतःच दारांत येऊन उभी आहे.

मात्र तिच्याशीं चित्रांवर टिचक्या मारून बोलतां येत नाहीं. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहावी लागते, आणि एक अक्षर चुकलें तर अर्थ फिरतो. प्रत्येक आज्ञेचें विवरण यंत्रांतच असतें. 'मॅन' हा शब्द लिहून पुढें आज्ञेचें नांव लिहिलें कीं तें उघडतें. हीं विवरणें इतकीं आटोपशीर असतात कीं, प्रथम वाचणाराचा धीर सुटावा. चिरंजीवांचाही सुटूं लागला, तेव्हां आम्हीं त्यास म्हटलें, "अरे, हीं सूत्रें आहेत. सूत्र एका वाचनांत कोणास उमगलें आहे?" ह्या विवरणांचे परंपरेनें आठ विभाग आहेत आणि आठवा खास कारभाऱ्यांचा आहे. अष्टाध्यायीच्या अभिमान्यांनीं ह्यावरून लगेच कांहीं सिद्ध करूं नये. तो योगायोग आहे.

फाइलींच्या अधिकारांचा भाग मात्र आम्हांस मनापासून आवडला. मालक, त्याचा गट आणि इतर जन असे तिघे. वाचणें, लिहिणें आणि चालविणें असे तीन अधिकार. मिळून नऊ खुणा. तीन पुरुष आणि तीन वचनें मिळून क्रियापदाचीं नऊ रूपें होतात, तोच हा तक्ता. ज्या मुलानें लहानपणीं रूपें घोकलीं आहेत त्यास तो एका संध्याकाळींत येतो. उलट अनुभवही आला. पाणिनीच्या शास्त्रांत तुल्यबळ नियमांचा विरोध आला म्हणजे पुढचा नियम बलवान. यंत्राच्या वेशीवर कोणास आंत सोडावें हें ठरविणारी जी 'फायरवॉल' असते, तिच्या जुन्या प्रसिद्ध प्रकारांत नेमकें उलट आहे: वरून खालीं वाचीत गेल्यावर जो नियम प्रथम जुळला तो लागू, पुढचे वाचलेच जात नाहींत. 'सर्वांस बंदी' हा नियम वर आणि 'अमक्यास परवानगी' खालीं लिहिली, तर तो अमका जन्मभर बाहेरच उभा राहणार. क्रमाचें हें भान व्याकरण शिकलेल्यास थोडें लवकर येतें, इतकेंच आमचें म्हणणें.

इतकेंच, असें मुद्दाम म्हणतों. कारण 'संस्कृत ही संगणकास सर्वोत्तम भाषा असें अमेरिकेनें मान्य केलें' असें सांगणारे गृहस्थ प्रत्येक लग्नांत एक तरी भेटतात. मूळ गोष्ट एवढीच कीं, रिक ब्रिग्ज नांवाच्या संशोधकानें १९८५ सालीं एका नियतकालिकांत संस्कृत शास्त्रकारांच्या वाक्यविश्लेषणाची आणि यंत्रांत ज्ञान मांडण्याच्या पद्धतीची तुलना केली. त्याआधीं १९६७ सालीं पीटर इंगरमन ह्यानें संगणक-भाषांचें व्याकरण लिहिण्याच्या बॅकसच्या पद्धतीस पाणिनीचेंही नांव जोडावें अशी सूचना केली होती. दोन्ही गोष्टी आपणांस भूषणावह आहेत. पण सर्व्हर बंद पडला असतां तो त्यांच्या बळावर चालूं होत नाहीं.

दुसरी विद्या जाळ्याची. यंत्रास पत्ता असतो आणि तो आंकड्यांचा. माणसास नांवें लक्षांत राहतात. नांवावरून पत्ता सांगणारी जी जागतिक वही आहे तिला डी.एन.एस. म्हणतात, पॉल मोकापेट्रिस ह्यानें तिची रचना १९८३ सालीं केली. ही वही मिळेनाशी झाली तर घर शाबूत असून पाहुणा रस्त्यांतच फिरत राहतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम सुमारें सहा तास बंद होतीं हें वाचकांस आठवत असेल. नित्याच्या देखभालींत दिलेल्या एका आज्ञेनें त्या कंपनीचें आंतलें जाळें तुटलें, पाठोपाठ तिच्या नांवांच्या वहीकडे जाणाऱ्या वाटाच जगाच्या नकाशावरून पुसल्या गेल्या. दुरुस्तीचीं हत्यारेंही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्यामुळें अखेर माणसांस प्रत्यक्ष यंत्रांपाशीं जावें लागलें. उमेदवारानें अशीं उदाहरणें बारकाईनें वाचावींत. 'इंटरनेट चालत नाहीं' ह्या तक्रारीचें मूळ तारेंत आहे, पत्त्यांत आहे, वाटेंत आहे कीं नांवांत आहे, हें खालून वर एकेक पायरी तपासून सांगतां येणें ही ह्या पेशाची खरी परीक्षा. वैद्य नाडी, जीभ, डोळे क्रमानें पाहतो, तसेंच हें. अंदाजानें औषध देणारा येथेंही घातकच.

तिसरी गोष्ट प्रतींची, म्हणजे बॅकअपची. ह्या बाबतींत गिटलॅब ह्या कंपनीचा प्रसंग आम्हीं चिरंजीवांकडून दोनदां समजावून घेतला. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीं दमलेल्या एका कामगारानें एका यंत्रावर द्यावयाची पुसण्याची आज्ञा चुकून मुख्य यंत्रावर दिली. एकदोन क्षणांत ध्यानांत आलें, पण सुमारें तीनशें गिगाबाइटांपैकीं साडेचार उरले होते. प्रती राखण्याच्या पद्धती एक सोडून पांच होत्या. परंतु प्रसंगीं पाहतां कोणतीच धड उपयोगी पडेना. नित्याची प्रत घेणारा प्रोग्रॅम आवृत्ति न जुळल्यामुळें कित्येक दिवस मुकाट्यानें निष्फळ होत होता, आणि तसें कळविणारीं पत्रें वाटेंतच नाकारलीं जात होतीं. सुदैवानें दुसऱ्याच कामासाठीं सहा तासांपूर्वीं घेतलेली एक प्रत सांपडली, तिनें लाज राखली. कंपनीनें ही सारी हकीकत लपविली नाहीं. जगासमोर मांडली, दुरुस्तीसुद्धां उघड्यावर केली. आमच्या मतें ह्या पेशांतील सर्वांत मोलाचें पाठ्यपुस्तक अशा हकीकतींचें आहे. चिरंजीवांनीं तेव्हांपासून नियम केला: दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं ओसरीवरील यंत्र स्वतः कोरें करावयाचें आणि प्रतींवरून पुनः उभें करावयाचें. पहिल्या रविवारीं सूनबाईंस हा प्रकार पाहवेना. पिंड करून देव मोडण्यासारखें त्यांस वाटलें असावें.

चौथी विद्या लहान प्रोग्रॅम लिहिण्याची. मोठे ग्रंथ नव्हेत, चार-दहा ओळींचे. जें काम तीन वेळां हातानें करावें लागतें तें चवथ्या वेळीं यंत्राकडून करवून घ्यावें. बॅश व पायथन ह्या दोन भाषांनीं बहुतेक निभतें. पर्ल भाषेचा कर्ता लॅरी वॉल ह्यानें तर आळस, अधीरपणा आणि अहंकार हे प्रोग्रॅम लिहिणाराचे तीन सद्‌गुण म्हणून सांगितले आहेत. पस्तीस वर्षें मुलांस ह्याच तिहींबद्दल अंगठे धरावयास लावणाऱ्या आम्हांस तें वाचून क्षणभर घाम फुटला. आळस म्हणजे निरर्थक श्रमांचा कंटाळा, हा त्याचा आशय कळल्यावर मग जरा बरें वाटलें.

अकराव्या महिन्यांत पुण्यांतील एका कारखान्याच्या कचेरींत चिरंजीवांस हेल्पडेस्कवर नोकरी मिळाली. वेतन एकोणीस हजार. आपल्या पांढरपेशा मंडळींनीं नाकें मुरडलीं, "छपाईयंत्रांत अडकलेला कागद काढावयास पदवी कशास?" असें एका मेहुण्यांनीं विचारलें. परंतु ह्या पेशाची वेस हीच आहे. टेबलाखालीं शिरून तारा ओढणें, जड यंत्रें उचलणें, वैतागलेल्या हिशेबनिसाची तक्रार शांतपणें ऐकून घेणें, हें ज्यास हलकें वाटतें त्यानें दुसरी वाट धरावी. वर्षभरानें त्याच्याकडे रात्रपाळीचे सर्व्हर आले.

त्या सुमाराची एक रात्र सांगण्याजोगी आहे. दिवाळीसाठीं तो घरीं आला असतां पहाटे दोनच्या सुमारास फोन आला कीं, मालाची नोंद बंद पडली आहे, गाड्या दरवाज्यावर उभ्या आहेत. पलीकडून दोघे वरिष्ठ एकदम बोलत होते. चिरंजीवांनीं प्रथम एक कागद घेतला, घड्याळ पाहून वेळ लिहिली, आणि यंत्रांत जें दिसलें तें एकेक टिपीत गेला. कारण साधें निघालें: यंत्राची रोजनिशी, म्हणजे लॉग, फुगतां फुगतां साठवणीची जागा भरून गेली होती. ती फाइल आणखी एकानें घाईनें पुसलीही होती. तरी जागा मोकळी होईना. असें कां व्हावें? कारण चालूं असलेला प्रोग्रॅम ती फाइल धरून बसला होता. नांव पुसलें गेलें तरी तो सोडीपर्यंत जागा सुटत नाहीं. तो प्रोग्रॅम बंद करून पुनः चालूं केला, आणि वीस मिनिटांत गाड्या हलल्या. आम्ही दारांत उभे राहून पाहात होतों. त्याचा हात थरथरत होता, पण लिहिणें थांबलें नव्हतें. सकाळीं त्यानें घडलेलें सारें इंग्रजींत एक पान लिहून वरिष्ठांस पाठविलें. कोणावर दोष न ठेवतां.

तें पान आम्हीं तपासून दिलें, ही आमची एकमेव तांत्रिक सेवा. इंग्रजीची येथें मोठी गरज आहे, पण ती वक्तृत्वाची नव्हे. विवरण वाचून समजणें आणि घडलें तें क्रमवार, थोडक्यांत लिहितां येणें, एवढी पुरे. मराठी शाळेंतल्या मुलांनीं ह्याची धास्ती घेऊं नये. रोज एक पान वाचून त्याचा सारांश लिहिला तर वर्षांत काम होतें.

मुलींच्या आईबापांनीं एव्ही नेमेथ ह्या बाईंचें नांव लक्षांत ठेवावें. त्या अमेरिकेंतील कोलोरॅडो विद्यापीठांत संगणकशास्त्र शिकवीत, आणि पदवीपूर्व वर्गांतील विद्यार्थ्यांच्या हातीं खरे सर्व्हर देऊन त्यांस कारभारी बनवीत. सहकाऱ्यांसह त्यांनीं लिहिलेला युनिक्सच्या कारभारावरील ग्रंथ १९८९ सालीं निघाला. त्याची पांचवी आवृत्ति २०१७ सालीं निघाली, ती आजही उमेदवारांच्या हातांत असते. निवृत्तीनंतर बाई शिडाच्या नौकेंतून समुद्रावर हिंडत. २०१३ सालच्या मे अखेरीस न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाकडे निघालेली 'नीना' नांवाची नौका सात माणसांसह बेपत्ता झाली, तींत त्याही होत्या. आम्हीं शिक्षकाच्या पेशांत आयुष्य घालविलें म्हणून असेल, पण ज्या बाईनें इतक्यांस वाटा शोधावयास शिकविलें तिची वाट कोणास सांपडूं नये, हें वाचून आम्ही त्या दिवशीं फारसें बोललों नाहीं.

एक गोष्ट कोणत्याही अभ्यासक्रमांत ठळक अक्षरांत नसते. कारभाऱ्याच्या हातीं साऱ्या किल्ल्या असतात. धन्याचीं पत्रें, नोकरांचे पगार, इस्पितळ असेल तर रोग्यांचे आजार, मनांत आणलें तर तो सारें वाचूं शकतो. वाचावयाचें नाहीं. दुसऱ्या टोकास, किल्ल्या आपल्याच समजून बसण्याचाही मोह असतो. सान फ्रान्सिस्को नगरीच्या जाळ्याच्या एका व्यवस्थापकानें २००८ सालीं परवलीचे शब्द वरिष्ठांस देण्याचें नाकारलें. ते त्यानें दिले ते तुरुंगांत भेटीस आलेल्या महापौरांस, आणि २०१० सालीं त्यास शिक्षा झाली. कामांत तो कुशल होता असें म्हणतात.

परीक्षांविषयीं थोडें. रेड हॅट कंपनीची आर.एच.सी.एस.ए. नांवाची लिनक्सची परीक्षा आम्हांस पसंत पडली, कारण तींत चार पर्यायांतून एकावर खूण करावयाची नसते. चालत्या यंत्रावर प्रत्यक्ष काम करून दाखवावें लागतें. जाळ्यासाठीं सिस्कोची सी.सी.एन.ए. आहे. मात्र काम न करतां प्रमाणपत्रें गोळा करणें म्हणजे तालमींत न जातां लंगोट शिवून घेणें. अलीकडे पुष्कळ कंपन्या स्वतःचे सर्व्हर न ठेवतां ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गूगल ह्यांचे भाड्यानें घेतात. त्यामुळें कामाचें नांव बदलतें, पगार बहुधा वाढतो, पण वरील विद्या चुकत नाहीं. हल्लीं कृत्रिम बुद्धीचे मदतनीसही हवी ती आज्ञा लिहून देतात. चिरंजीव ते वापरतो. मात्र आज्ञेंतील प्रत्येक पद उलगडतां आल्यावांचून ती यंत्रास द्यावयाची नाहीं, असा आमचा व त्याचा करार आहे, आणि ह्या करारांत बारीक अक्षरें नाहींत.

तो येत्या महिन्यांत ती लिनक्सची परीक्षा देणार आहे. फी त्याच्या पगारांतून भरली. ओसरीवरील यंत्र सध्यां शेजारच्या वाड्यांतील बारावी झालेल्या मुलीकडे दिलें आहे. तिनें तें आतांपर्यंत दोन वेळां साफ बंद पाडलें. पहिल्या वेळीं रडत आली होती. दुसऱ्या वेळीं काय बिघडलें तें कागदावर लिहून घेऊन आली.